अठरा ते छत्तीस मिनिटे, बहुतेक

“मी आपला फार वेळ घेणार नाही,” हे वाक्य महाराष्ट्रात रोज किती माइकवरून उच्चारलं जातं, याची मोजदाद कोणी केलेली नाही. शाळेचं स्नेहसंमेलन, पतपेढीची वार्षिक सभा, पुस्तकाचं प्रकाशन, व्यायामशाळेचं उद्घाटन, ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन, शोकसभा, प्रसंग कोणताही असो. प्रमुख पाहुणे उभे राहतात, माइकवर दोन टिचक्या मारतात आणि हे आश्वासन देतात. मग श्रोत्यांतला अननुभवी वर्ग घड्याळाकडे बघतो आणि अनुभवी वर्ग खुर्चीत जरा खाली सरकून बसतो.

या वाक्यातला शास्त्रीय दोष असा, की ‘फार’ म्हणजे किती हे वक्ता सांगत नाही. त्यापेक्षा ‘दोन शब्द बोलतो’ म्हणणारा बरा. तो निदान आकडा देतो. तो चुकतोच, पण किती पटीने चुकला हे मोजता येतं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवताना ‘नमुन्यावरून समष्टीच्या सरासरीचा अंदाज’ या धड्याशी आलो, की मी फळ्यावर एकच प्रश्न लिहितो: प्रमुख पाहुण्यांचं भाषण सरासरी किती मिनिटं चालतं? पाठ्यपुस्तकात या जागी विजेचे दिवे असतात. कारखान्यातून निघालेला दिवा सरासरी किती तास जळतो, वगैरे. ते दिवे पिढ्यान्‌पिढ्या जळत आलेले आहेत आणि त्यांच्या उजेडात कोणालाही काही दिसलेलं नाही. भाषणं मात्र वर्गातल्या प्रत्येकाने सोसलेली असतात.

प्रश्न लिहिला की उत्तरं धडाधड येतात. “सर, दीड तास.” “सर, पाऊण तास, पण आधी सत्कार असतील तर सव्वा.” मागच्या बाकावरून, “सर, कोणी चिठ्ठी पाठवेपर्यंत.” हे शेवटचं उत्तर सगळ्यांत शास्त्रीय असतं, फक्त ते मिनिटांत मांडता येत नाही. एक गोष्ट मात्र दरवर्षी सारखी: ‘अमुक ते तमुकच्या दरम्यान’ असं कोणीही म्हणत नाही. आपल्याकडे आकडा सांगायचा तर एकच सांगायचा, आणि तोही ठासून. दोन आकडे सांगणारा माणूस डळमळीत समजला जातो.

आता, खरी सरासरी कुठेतरी आहे याबद्दल वाद नाही. वर्षभरात राज्यात झालेली झाडून सगळी भाषणं मोजली, मिनिटांची बेरीज केली, भाषणांच्या संख्येने भागलं, की आली. या सगळ्या भाषणांना मिळून समष्टी म्हणायचं आणि त्या खऱ्या सरासरीला म्यू हे ग्रीक नाव द्यायचं. नाव ग्रीक अशासाठी, की ही वस्तू आपल्या हाती लागायची नाही हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळावं. प्रत्येक सभागृहात घड्याळ घेऊन माणूस बसवायचा, तर आधी तेवढी माणसं पाहिजेत. आणि तेवढी माणसं मिळाली, तर आयोजक त्यांना श्रोते म्हणून पळवतील.

म्हणून नमुना घ्यायचा. नमुना म्हटलं, की वर्गातला एखादा वाचनाची आवड असलेला विद्यार्थी ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण पुढे करतो. म्हण चांगली आहे, पण संख्याशास्त्राच्या पेपरात ती नापास होते. नमुना किती विखुरलेला आहे हे काढताना नमुन्याच्या संख्येतून एक वजा करून भागावं लागतं. शीत एकच घेतलं, तर एकातून एक गेला शून्य, आणि शून्याने भागायला गेलं की कॅल्क्युलेटर हात वर करतो. म्हणजे एका शितावरून भात शिजला का याचा अंदाज करता येतो. तो अंदाज किती चुकू शकतो ते सांगता येत नाही. आजीला ते सांगायची गरज नव्हती, कारण तिने पातेलं आधी ढवळलेलं असायचं. महाराष्ट्रातले वक्ते अजून कोणी ढवळलेले नाहीत.

तर समजा, धीर करून नऊ भाषणं मोजली. सरासरी आली २७ मिनिटं. प्रमाण विचलन, म्हणजे भाषणं या सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे पळतात त्याचं माप, आलं १२ मिनिटं. नऊचं वर्गमूळ तीन. बाराला तिनाने भागलं, चार. या चाराला प्रमाण त्रुटी म्हणतात. एक भाषण बारा मिनिटांनी भरकटतं, पण नऊ भाषणांची सरासरी चारच मिनिटांनी भरकटते, कारण एकाचं पाल्हाळ दुसऱ्याच्या सर्दीमुळे भरून निघतं. मग पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या टी-कोष्टकात आठच्या ओळीत बोट ठेवायचं (नऊ वजा एक, तो वजा झालेला एक इथेही पाठ सोडत नाही), ९५ टक्क्यांच्या रकान्यात २.३०६ सापडतं. चार गुणिले २.३०६ म्हणजे ९.२. सत्तावीस उणे ९.२ आणि सत्तावीस अधिक ९.२. दशांश भाषणाला शोभत नाहीत, म्हणून सोडून देऊ. उत्तर: १८ ते ३६ मिनिटं. याचं नाव ९५ टक्क्यांचं कॉन्फिडन्स इंटरव्हल.

एवढं झालं की वर्गात शांतता पसरते आणि कोणीतरी विचारतं, “सर, मग नक्की किती?”

“हेच नक्की.”

“पण सर, एवढं गणित करून अठरा ते छत्तीसच ना? हे आमचा मंडपवालाही सांगेल.”

मंडपवाला सांगेल, यात शंका नाही. कदाचित आपल्यापेक्षा बरोबर सांगेल, कारण खुर्च्या उचलण्यासाठी तो आयुष्यभर भाषणं संपायची वाट बघत आलेला आहे. फरक एवढाच, की असे अंदाज करताना आपण किती वेळा चुकू हे मंडपवाला सांगत नाही. तो चुकला तर ‘वक्ताच तसा निघाला’ म्हणतो. आपण आधीच सांगून ठेवतो की शंभरात पाच वेळा आम्ही चुकणार. कोणत्या पाच, ते विचारू नका.

‘ते विचारू नका’ यातच सगळी गोम आहे. साठ मुलांच्या वर्गातल्या प्रत्येकाला वेगवेगळ्या सभांना धाडलं, प्रत्येकाने आपापली नऊ भाषणं मोजली आणि आपापलं इंटरव्हल काढलं, तर साठ इंटरव्हलं तयार होतील, सगळी एकमेकांपासून जराजराशी वेगळी. भाषणांचं वाटप फारच वेडंवाकडं नसेल, तर त्यांतली साधारण ५७ खऱ्या म्यूला पोटात घेतील आणि तीन त्याच्या आजूबाजूने निघून जातील. त्या तिघांची आकडेमोड अचूक असेल, अक्षर सुवाच्य असेल, समास आखलेले असतील. चुकलेल्या इंटरव्हलच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. त्यामुळे हातात आलेलं आपलं इंटरव्हल सत्तावन्नांतलं की तिघांतलं, हे कळायला मार्ग नाही. भरवसा आहे तो इंटरव्हल काढायच्या रीतीवर. हाती आलेल्या अठरा-छत्तीसवर तो नाही.

परीक्षेत यावर दोन गुणांचा प्रश्न हमखास असतो: वरील इंटरव्हलचा अर्थ स्पष्ट करा. वर्गातली निम्मी मुलं लिहितात, “म्यू १८ ते ३६च्या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.” शून्य गुण. कारण म्यू काही कुठे ये-जा करत नाही, तो जागच्या जागी बसलेला आहे. दर नमुन्याला हलतं ते इंटरव्हल. एकदा आकडे बसले की म्यू त्यात एकतर आहे किंवा नाही, शक्यता-बिक्यता संपली. मूल म्हणतं, “सर, दोन्ही एकच झालं की.” एकच नाही, हे समजावताना तासाची घंटा होते. या भेदापायी जगभरात जेवढे गुण कापले गेले असतील, तेवढे वर्तनाबद्दलसुद्धा कापले गेले नसतील.

शून्य मिळालेल्या मुलांच्या समाधानासाठी सांगायला हवं, की त्यांचं वाक्य चालवून घेणारा एक पंथ या शास्त्रात आहे. अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने तो ओळखला जातो. त्यांची अट एकच: मोजायला बसण्याआधी तुमचं मत काय होतं ते आकड्यांत लिहून द्या, मग पुराव्याने ते बदलू. पंथ अत्यंत सोयीचा आहे, कारण वक्ता उभा राहण्याआधी त्याच्याबद्दल मत नसलेला श्रोता मराठी मुलखात सापडायचा नाही. पण पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम सनातनी आहे. तिथे मत घेऊन येणाऱ्याला प्रवेश नाही.

आता समजा, ९५ टक्क्यांनी तुमचं भागत नाही, तुम्हाला ९९ टक्के भरवसा पाहिजे. मिळेल. कोष्टकात शेजारच्या रकान्यात ३.३५५ आहे. चाराने गुणलं की उत्तर येतं साधारण १४ ते ४० मिनिटं. भरवसा वाढला, माहिती पातळ झाली. शंभर टक्के पाहिजे? तेही मिळेल: शून्य ते अनंत मिनिटं. या विधानाला आजवर कोणी खोटं पाडलेलं नाही, आणि ऐकून कोणी उठूनही गेलेलं नाही. गणितात भरवसा आणि नेमकेपणा अशी एकमेकांच्या जिवावर उठलेली जोडी आहे. एकाला वाढवलं की दुसरा घटतो. शंभर टक्के खात्रीने बोलणाऱ्याला गणित एकही उपयोगी आकडा बोलू देत नाही. आपल्या सार्वजनिक जीवनात नेमकं उलटं आहे: ज्याची खात्री शंभर टक्के, तोच दशांश चिन्हापर्यंत आकडा सांगतो.

दोन्ही हवं असेल, भरवसाही आणि नेमकेपणाही, तर एकच उपाय: नमुना वाढवा. इथे वर्गमूळ आडवं येतं. रुंदी निम्म्यावर आणायची तर भाषणं दुप्पट ऐकून चालत नाही, चौपट ऐकावी लागतात. नवाची ३६ केलीत, की इंटरव्हल येतं २३ ते ३१. आणखी निम्मं करायचं? १४४ भाषणं. मग २५ ते २९. सरासरी २७ मिनिटांच्या हिशेबाने हे होतात पावणेपासष्ट तास. सुजाण माणूस एवढ्यात एखादी भाषा शिकतो. आपल्याला काय मिळालं? दोन मिनिटं इकडेतिकडेचा भरवसा. वर्गमूळ निर्दय असतं, ते विद्यार्थ्याला याच जागी पटतं. पहिल्या नऊ भाषणांनी जेवढं शहाणपण दिलं तेवढं पुढच्या नव्वदांनी दिलं नाही, ही तक्रार तशी व्याख्यानमालांचे नियमित श्रोते फार पूर्वीपासून करत आलेले आहेत. त्यांना फक्त सूत्र माहीत नव्हतं.

उलट्या बाजूला आळशी विद्यार्थी असतो. तो तीनच भाषणं मोजून आणतो: ५, २० आणि ३५ मिनिटं. सरासरी वीस, विचलन पंधरा. दोनच्या ओळीत कोष्टक म्हणतं ४.३०३. हिशेब केला की इंटरव्हल येतं उणे १७ ते ५७ मिनिटं. उणे सतरा! म्हणजे वक्ता उभा राहण्याच्या सतरा मिनिटं आधी भाषण संपलेलं. मुलं हसतात. त्यांना सांगावं लागतं, की सूत्र वेडं झालेलं नाही. वक्त्याला उणे वेळ बोलता येत नाही हे सूत्राला ठाऊकच नाही, कारण ते घंटेसारख्या दोन्हीकडे सारख्या उतरणाऱ्या आलेखावर वाढलेलं आहे. तीन भाषणांवर सरासरी सांगायला आलास, तर मी एवढंच सांगू शकतो, असं ते म्हणतंय. कमी माहितीवर गप्प बसायची सोय सूत्राला नाही. मग ते निदान इतकं रुंद बोलतं, की ऐकणाऱ्याला शंका यावी. हा शहाणपणा आपल्या ओळखीच्या किती माणसांत आहे?

हा शहाणपणा आला दारूच्या कारखान्यातून. विल्यम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डला शिकलेला तरुण १८९९ साली डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत नोकरीला लागला. काम होतं बार्लीचं आणि हॉप्सचं: कोणत्या वाणाचं पीक जास्त, कोणत्या मालाची बिअर बरी. पण प्रयोगाची शेतं थोडी आणि नमुने त्याहून थोडे. त्या काळचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांच्या भाषेत बोलत असे. चार आकडे घेऊन आलेल्या माणसाला तिथे खुर्ची नव्हती. १९०६–०७ मध्ये गॉसेट लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनच्या प्रयोगशाळेत राहिला आणि चार आकड्यांवरून किती भरवशाने बोलावं याचं गणित त्याने मांडलं. सूत्रापर्यंत तो पोहोचला होता, पण पडताळा हवा होता. त्याने काय घ्यावं? तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी. ही मापं कोणीतरी आधीच घेऊन छापलेली होती. गॉसेटने ती पुठ्ठ्याच्या तीन हजार तुकड्यांवर लिहिली, तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि चारचारचे साडेसातशे गट पाडले. गणित आणि बोटं यांचा मेळ बसला.

१९०८ साली हा लेख ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात आला. पण नोकरांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापायचं नाही, असा गिनेसचा नियम होता. म्हणून लेखकाच्या जागी नाव पडलं ‘स्टुडंट’. तेव्हापासून जगभरच्या स्टुडंटांचा छळ एका स्टुडंटच्याच नावाने चालू आहे. बिअरच्या पिंपातून निघालेलं आणि गुन्हेगारांच्या बोटांवर तपासलेलं हे ज्ञान आपल्याकडची कडक निर्व्यसनी घरांतली मुलं पहाटे उठून पाठ करतात, आणि पालक शेजाऱ्यांना सांगतात, “आमचा दारूच्या वासालासुद्धा उभा राहत नाही.”

कॉन्फिडन्स इंटरव्हल हे नाव मात्र गॉसेटचं नव्हे. ते आणलं येर्झी नेमन या पोलिश गणितज्ञाने. १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्याने आपला निबंध वाचला. चर्चेत आर्थर बाउली या वजनदार संख्याशास्त्रज्ञाने शंका काढली, की हा ‘कॉन्फिडन्स’ म्हणजे भोळ्याभाबड्यांचा विश्वास संपादून त्यांना गंडवणाऱ्या ठकांच्या जातीचा तर नाही ना. नव्या कल्पनेचं स्वागत शास्त्रज्ञांच्या सभेतही आपल्या सभांसारखंच होतं, हे वाचून बरं वाटतं. तीन वर्षांनी नेमनने सगळा सिद्धान्त तपशिलात मांडला. दरम्यान रोनाल्ड फिशर या दुसऱ्या दिग्गजाशी त्याचं बिनसलं. दोघे एकाच काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते, आणि दोन गटांचा चहासुद्धा वेगवेगळ्या वेळी होई. सरासरीवर एकमत होण्यासाठी काढलेल्या शास्त्रात चहाच्या वेळेवर एकमत झालं नाही.

या भांडणाच्या ऐन दिवसांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा एक तरुण त्याच कॉलेजात शिकत होता: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९३६ साली त्यांनी तिथे पीएच. डी. घेतली, आणि परत येऊन भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत त्यांनी हे सगळं गणित शेतात उतरवलं. पीक कापणी प्रयोग हा शब्द गावोगावच्या शेतकऱ्याला माहीत आहे. गाव निवडायचं चिठ्ठीने, गट नंबर चिठ्ठीने, शेतातली जागासुद्धा चिठ्ठीने. तिथे खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, दोरीच्या आतलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. अशा थोड्याशा तुकड्यांवरून साऱ्या तालुक्याची सरासरी.

तुकडा लहान घ्यावा की मोठा, यावर सुखात्मे आणि कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात चांगलीच जुंपली. लहान तुकडे स्वस्त पडतात, तेवढ्याच खर्चात जास्त घेता येतात, आणि वर्गमूळ खूश होतं. पण सुखात्मे यांनी प्रयोग करून दाखवलं, की लहान तुकड्यातून पीक जास्तच निघतं. कारण गणितातलं नव्हतं, माणसातलं होतं. दोरीवर आलेलं रोप आतलं की बाहेरचं? कापणारा म्हणतो, घ्या आत. तुकडा जितका लहान, तितकी आतल्या पिकाच्या मानाने कड जास्त, आणि तितका हा उदारपणा महाग. असे हजारो तुकडे कापले, तर इंटरव्हल अरुंद होत जातं, देखणं होत जातं, आणि चुकीच्या जागी घट्ट रुतून बसतं. वर्गमूळ विखुरणं कमी करतं. कडेच्या रोपाचं त्याला काही सोयरसुतक नसतं.

भाषणं मोजायला गेलेल्या मुलांची कड हीच असते. भाषण सुरू कधी झालं? माइकवर टिचक्या मारल्या तेव्हा, की ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ यांची नावं आणि हुद्दे संपले तेव्हा? आणि संपलं कधी? ‘शेवटी एवढंच सांगतो’ हे वाक्य साधारण भाषणाच्या मध्यावर येतं, ‘जाता जाता’ त्यानंतर, आणि ‘एक किस्सा आठवला’ खुर्चीकडे निम्मं वळून झाल्यावर. ताटकळलेला विद्यार्थी हे सगळं आत घेतो. तोच वक्त्याचा भाचा असेल, तर सगळं बाहेर. शिवाय चिठ्ठी टाकून सभा निवडा म्हणून सांगितलं, तरी नमुन्यात येतात त्या सगळ्या अल्पोपाहार असलेल्या. ज्या सभेत नुसता चहा, ती समष्टीत असते, नमुन्यात नसते. यातलं काहीही अठरा ते छत्तीसमध्ये दिसत नाही. ते पंचाण्णव टक्के फक्त चिठ्ठीच्या नशिबाचे. माणसाच्या स्वभावाचे त्यात धरलेले नाहीत.

एवढं समजलेल्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा स्नेहसंमेलनात होते. केटरर येऊन विचारतो, “सर, वडे कधी तळायला घेऊ?” विद्यार्थी छातीठोकपणे सांगतो, “भाषण अठरा ते छत्तीस मिनिटं, पंचाण्णव टक्के.” केटरर विसाव्या मिनिटाला कढई चढवतो, आणि वडे गार होतात तरी पाहुणे अजून आपल्या बालपणातच. विद्यार्थी म्हणतो, शास्त्र खोटं. शास्त्र खोटं नाही. ते इंटरव्हल सरासरीचं होतं. समोर उभा होता तो एकटा वक्ता, आणि एकटा वक्ता बारा मिनिटांनी भरकटतो हे हिशेबात पहिल्याच ओळीला लिहिलेलं होतं. एका भाषणाचा अंदाज हवा असेल, तर सूत्र वेगळं, आणि त्याच नऊ भाषणांवरून ते सांगतं उणे २ ते ५६ मिनिटं. हे ऐकून केटरर म्हणाला असता, “म्हणजे तुम्हाला काही माहीत नाही.” बरोबर. एका माणसाबद्दल सरासरीला फारसं माहीत नसतं.

हा घोटाळा वड्यांपुरता राहिला असता तर गोष्ट वेगळी. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० कॅलरी हे माप धरून देशातल्या गरिबीचा हिशेब मांडला. सुखात्मे यांचा आक्षेप असा, की ही झाली सरासरी गरज. माणसामाणसाची गरज वेगळी, एकाच माणसाची दिवसादिवसाला वेगळी, मग सरासरीच्या खालच्या प्रत्येकाला उपाशी कसं धरायचं? वाद पुष्कळ वर्षं चालला, दोन्ही बाजू तोलामोलाच्या होत्या. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्यातून एवढं घ्यावं: सरासरी ही समष्टीची असते. तिला माणसाच्या अंगावर मापाचा सदरा म्हणून चढवलं, की तो कोणालाच नीट बसत नाही.

आता राहता राहिले ते पाच टक्के. यांचा उपयोग मुलांना सगळ्यांत आधी कळतो. “सर, माझं उत्तर चुकलं नाही, ते त्या पाच टक्क्यांतलं आहे.” एकदा म्हणाला तर हसून सोडून द्यावं. पण पाच टक्के ही माफी नव्हे, ती उधारीची मर्यादा आहे. वीस अंदाजांत एखादा हुकला, चालेल. सात हुकले, तर दोष नशिबाचा नाही, रीतीचा. हे कळायला वही ठेवावी लागते: आपण काय सांगितलं आणि पुढे काय निघालं.

अशी वही ठेवणारं एक खातं आपल्या ओळखीचं आहे, आणि त्याचीच आपण सगळ्यांत जास्त टिंगल करतो. हवामान विभाग. मोसमी पावसाचा अंदाज सांगताना ते किती टक्के चूक होऊ शकते हेही छापतात. २०२४च्या एप्रिलमध्ये त्यांनी सांगितलं: दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्के, पाच टक्के कमी-जास्त. पडला १०८ टक्के. हे इंटरव्हल आपल्या भाषणांच्या इंटरव्हलहून जातीने वेगळं, पण स्वभाव तोच. आपण मथळ्यातला १०६ वाचतो, कमी-जास्त वगळतो, आणि आपल्या गल्लीत छत्री विसरल्याच्या दिवशी पाऊस आला की म्हणतो, यांना काही कळत नाही. आणि आपल्यालाच निवडणुकीत कोणाच्या किती जागा, शेअर बाजार दिवाळीला कुठे, जागेचा ताबा कधी, हे एका आकड्यात सांगणारा कोणी भेटला, की आपण त्याच्यासाठी खुर्ची पुढे करतो. त्याची वही कोणी मागत नाही. शंभर अंदाजांतले पंचाण्णव बरोबर आणून पाचांची आगाऊ कबुली देणारा आपल्याला कच्चा वाटतो. आणि एकच अंदाज बरोबर आला म्हणून तो शंभर वेळा सांगणाऱ्याला आपण प्रमुख पाहुणे म्हणून बोलावतो.